विश्लेषण : ब्लूबेरी रानातून घरच्या ओव्हनपर्यंत कशी आली? कोण होत्या एलिझाबेथ व्हाइट?

मुंबई-पुण्यातील मोठ्या दुकानांत प्लास्टिकच्या छोट्या डब्यातील ताजी ब्लूबेरी आता सहज दिसते. घरी मफिन करणारे, चीजकेकवर ती पसरणारे किंवा तिचा जॅम करून ठेवणारे हौशीही वाढले आहेत. पण साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी खुद्द अमेरिकेतही या फळाच्या बागा नव्हत्या. ते रानात पिकायचे आणि हाती लागेल तसे बाजारात यायचे. त्याला बागेत आणण्याचे श्रेय न्यू जर्सीतील एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल या दोघांना दिले जाते. मात्र या कथेत तिसरा वाटेकरीही आहे. रानातले प्रत्येक झुडूप ओळखणारी आणि बाकीच्या जगाने अडाणी ठरवलेली ती माणसे होती.

कोण होत्या एलिझाबेथ व्हाइट?

एलिझाबेथ कोलमन व्हाइट यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८७१ रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यू लिस्बन येथे झाला. घराणे क्वेकर, म्हणजे साधी राहणी आणि मेहनत यांना महत्त्व देणाऱ्या ख्रिस्ती पंथातले. आजोबा जेम्स फेनविक यांनी १८५७ मध्ये दलदलीची जमीन घेऊन क्रॅनबेरी या आंबट, लाल फळाचे पीक घ्यायला सुरुवात केली. वडील जोसेफ व्हाइट यांनी तो व्याप वाढवला आणि क्रॅनबेरीच्या लागवडीवर १८७० मध्ये पुस्तकही लिहिले. त्यांचे शेत पुढे व्हाइट्सबॉग या नावाने ओळखले जाऊ लागले. सुमारे तीन हजार एकरांचा हा मळा राज्यातील सर्वांत मोठ्या क्रॅनबेरी मळ्यांपैकी होता.

चार बहिणींत एलिझाबेथ थोरल्या. फिलाडेल्फियातील क्वेकर शाळेतून १८८७ मध्ये त्यांचे शिक्षण पूर्ण झाले. पुढे हिवाळ्यात शहरात जाऊन त्यांनी प्रथमोपचार, छायाचित्रण, शिवणकाम असे अभ्यासक्रम केले. १८९३ पासून त्या वडिलांच्या शेतावर काम करू लागल्या. फळे वेचणाऱ्या मजुरांवर देखरेख ठेवणे हे त्यांचे पहिले काम. वनस्पतिशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. जमीन, पाणी, मजूर आणि बाजार यांचा अनुभव मात्र घरातूनच मिळाला होता. त्यांनी लग्न केले नाही. सारे आयुष्य याच मळ्यावर काढले.

ब्लूबेरीची लागवड आधी का होत नव्हती?

ब्लूबेरी मूळची उत्तर अमेरिकेची. तेथील आदिवासी समाज ती शेकडो वर्षे खात आले. उन्हात वाळवून ते ती हिवाळ्यासाठी साठवत. युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांनी ती पायमध्ये, पुडिंगमध्ये घातली. मेन राज्यात तर १८६० च्या दशकातील यादवी युद्धाच्या काळात रानातील ब्लूबेरी डबाबंद करून सैनिकांना पुरवली जात होती. म्हणजे फळाला मागणी होती, टिकवण्याच्या पद्धतीही होत्या. नव्हती ती हमखास पिकणारी बाग.

अनेकांनी रानातली झुडपे उपटून परसात लावून पाहिली. ती जगत नसत. चांगल्या मळ्याची लक्षणे म्हणजे खतवलेली, चुना घातलेली, सुपीक माती. शेतकरी नेमकी तीच या झुडपाला द्यायचे आणि ते मान टाकायचे. त्यामुळे ब्लूबेरी माणसाळत नाही, असा समज रूढ झाला होता.

कोव्हिल यांना काय सापडले?

फ्रेडरिक कोव्हिल हे अमेरिकेच्या कृषी खात्यात वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १९०६ पासून त्यांनी ब्लूबेरीवर प्रयोग सुरू केले. न्यू हॅम्पशायरमधील ग्रीनफिल्ड येथील कुरणातले एक चांगले झुडूप त्यांनी संकरासाठी निवडले. त्यांचे पहिले महत्त्वाचे निरीक्षण मातीबद्दल होते. ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते. चुन्याने आम्लता कमी झाली की झाड खंगते. तिच्या मुळांवर राहणारी सूक्ष्म बुरशी झाडाला अन्न मिळवायला मदत करते. दुसरे निरीक्षण थंडीचे. हिवाळ्यात पुरेसा गारठा सोसल्याशिवाय झुडूप वसंतात नीट फुलत नाही. पुढे आणखी एक बाब लक्षात आली. स्वतःच्याच परागावर झुडूप नीट फळत नाही, शेजारी वेगळ्या वाणाचे झाड असले तर फळ चांगले धरते.

हे प्रयोग कृषी खात्याच्या १९३ क्रमांकाच्या पत्रकात १९१० च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. १९११ मध्ये ते पत्रक एलिझाबेथ यांच्या हाती पडले.

दोघांची भागीदारी कशी जमली?

व्हाइट्सबॉग ज्या पट्ट्यात आहे त्याला पाइन बॅरन्स म्हणतात. बॅरन म्हणजे वांझ, नापीक. रेताड, आम्लधर्मी, पाइन वृक्षांनी भरलेला हा दहा लाख एकरांहून मोठा प्रदेश. गहू-मक्याच्या शेतकऱ्याने तो निरुपयोगी ठरवला होता. कोव्हिल यांच्या पत्रकातील आवश्यकता वाचताना एलिझाबेथ यांना जणू आपल्याच शेताचे वर्णन दिसले. शिवाय क्रॅनबेरीचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा, तर ब्लूबेरी त्या भागात जून-जुलैत पिकते. एकाच मळ्यावर दोन हंगाम साधण्यासारखे होते.

त्यांनी कोव्हिल यांना पत्र लिहून जमीन आणि मनुष्यबळ देऊ केले. वडिलांचा पाठिंबा होता. कोव्हिल आले, आणि पुढे कित्येक वर्षे हे काम दोघांनी मिळून केले. कोव्हिल यांनी संकर करायचे, रोपे वाढवायची. एलिझाबेथ यांनी रानातून उत्तम झुडपे मिळवायची आणि शेतावर ती पारखायची. त्या वेळी अमेरिकेत स्त्रियांना देशपातळीवर मतदानाचा अधिकारही मिळालेला नव्हता. तो १९२० मध्ये मिळाला, हे लक्षात घेतले की या भागीदारीचे वेगळेपण कळते.

रानातील झुडपांचा शोध कसा घेतला?

संकरासाठी मुळात गुणी झाडे हवीत. ती कोणत्या झाडीत, कोणत्या ओढ्याकाठी आहेत हे शास्त्रज्ञाला ठाऊक नव्हते, मळ्याच्या मालकिणीलाही नव्हते. ते ठाऊक होते पाइन बॅरन्समध्ये राहणाऱ्या स्थानिकांना. त्यांना पाइनी म्हणत. लाकूडतोड, शिकार, शेवाळ आणि रानफळे गोळा करणे यांवर त्यांची गुजराण चाले. हंगामात टोपल्या भरून विकायच्या असल्याने कोणत्या झुडपाचे फळ टपोरे, कोणते गोड, कोणते लवकर पिकते, हे त्यांना पाठ होते.

एलिझाबेथ यांनी या माहितीला मोल दिले. त्यांनी फळे गोळा करणाऱ्यांना छिद्र पाडलेली मोजपट्टी दिली. छिद्राचा व्यास पाच अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर. ज्या झुडपाचे सर्वांत मोठे फळ या छिद्रातून खाली पडणार नाही, ते झुडूप दाखवायचे. सोबत चिठ्ठ्या आणि नमुन्याची फळे ठेवण्यासाठी औषधी द्रव भरलेल्या बाटल्या दिल्या. झुडपामागे साधारण एक ते तीन डॉलर मिळत, झुडपापर्यंत घेऊन जाण्याच्या वेळेचेही पैसे मिळत. आकाराच्या चाळणीतून पार पडलेल्या झुडपाची मग चव, सालीचा जाडपणा, पिकण्याचा काळ, थंडी सोसण्याची ताकद अशी परीक्षा होई. अशी सुमारे शंभर झुडपे व्हाइट्सबॉगवर आणून लावली गेली. प्रत्यक्ष उपयोगी ठरली ती मोजकीच.

रुबेल हे नाव कुठून आले?

एलिझाबेथ यांनी प्रत्येक झुडपाला ते दाखवणाऱ्याचे नाव द्यायचे ठरवले. इथे गमतीदार अडचणी आल्या. सॅम लेमन यांनी दाखवलेल्या झुडपाला लेमन म्हटले तर गिऱ्हाईक लिंबू समजणार, म्हणून त्याचे नाव सॅम ठेवले. सर्वांत गुणी झुडूप दाखवले चॅट्सवर्थ गावाच्या रूब लीक यांनी. पण अमेरिकी बोलीत रूब म्हणजे खेडवळ माणूस, आणि लीक ही कांद्याच्या कुळातील भाजी. म्हणून रूबला आडनावातील ल जोडून रुबेल हे नाव तयार झाले.

पुढच्या संकरित वाणांच्या पायाशी हे रुबेल होते. आजच्या अनेक वाणांच्या वंशावळीत त्याचे नाव सापडते. शंभरहून अधिक वर्षांनंतरही अमेरिकेतील रोपवाटिकांत रुबेलची रोपे मिळतात. रानातून जसे उचलले तसेच टिकलेले हे वाण आहे.

नाव देण्याची ही पद्धत का महत्त्वाची?

कारण त्याच काळात या लोकांची वेगळीच ओळख देशाला करून दिली जात होती. मतिमांद्य आनुवंशिक असते असे ठसवणारे हेन्री गोडार्ड यांचे कॅलिकॅक कुटुंबावरील पुस्तक १९१२ मध्ये आले. ते न्यू जर्सीतील एका कुटुंबावर बेतलेले होते. पाठोपाठ १९१३ मध्ये एलिझाबेथ काइट यांचा पाइनी लोकांवरील अहवाल प्रसिद्ध झाला. तो वाचून गव्हर्नर जेम्स फील्डर यांनी त्या भागाला भेट दिली आणि तिथली माणसे समाजाला धोकादायक असल्याचा सूर लावला. गोडार्ड यांचे निष्कर्ष पुढे शास्त्राने मोडीत काढले, पण पाइनी हा शब्द अनेक वर्षे शिवीसारखा वापरला गेला.

ज्यांच्या बुद्धीबद्दल शंका घेतली जात होती, त्यांच्याच नजरेने हेरलेल्या झुडपांवर एक नवा फलोद्योग उभा राहत होता. तरी ही वाटणी समान नव्हती हेही खरे. झुडपाचे एकदाच पैसे मिळाले. त्यातून पुढे आलेल्या बागांचे उत्पन्न मळ्यांच्या मालकांकडे गेले.

बालमजुरीचा वाद काय होता?

व्हाइट यांच्या चरित्रातील हा अवघड भाग. क्रॅनबेरी वेचायला फिलाडेल्फियातून स्थलांतरित इटालियन कुटुंबे येत आणि मुलेही वेचणीला बसत. सप्टेंबर १९१० मध्ये राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी छायाचित्रकार लुइस हाइन यांनी व्हाइट्सबॉगवर अशा मुलांची छायाचित्रे काढली. शाळा सुरू झालेली असताना मुले दलदलीत काम करत असल्याचा समितीचा आरोप होता. एलिझाबेथ यांनी तो मान्य केला नाही. समितीने मांडलेले चित्र अतिरंजित आहे, अशी भूमिका घेऊन त्यांनी काही वर्षे बागायतदारांच्या बाजूने जाहीर प्रतिवाद केला.

हाइन यांची छायाचित्रे आज लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत. त्यांतील मुले खरी आहेत. वेचणाऱ्यांच्या ज्ञानाला दाम देणारी मालकीण आणि मुलांच्या श्रमाचा प्रश्न आला तेव्हा मळ्याची बाजू घेणारी मालकीण, ही एकच व्यक्ती होती. तिचे मोठेपण सांगताना यातील कोणतीही बाजू झाकण्याचे कारण नाही.

लागवडीची ब्लूबेरी बाजारात कधी आली?

व्हाइट्सबॉगची लागवड केलेली ब्लूबेरी १९१६ मध्ये प्रथम व्यापारी विक्रीला गेली. संकरातून तयार झालेले पायोनियर, कॅबट आणि कॅथरीन हे वाण १९२० पर्यंत पुढे आले. फळ दिसले पाहिजे आणि चिरडता कामा नये, म्हणून चॉकलेट-गोळ्यांच्या खोक्यांवर असतो तसा पारदर्शक सेलोफेन कागद फळाच्या डब्यांवर लावण्याची सुरुवात करणाऱ्यांत एलिझाबेथ यांचे नाव घेतले जाते. आजच्या पारदर्शक डब्याचे मूळ तिथे आहे. १९२७ मध्ये राज्यातील ब्लूबेरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी करण्यातही त्यांचा वाटा होता. १९३२ मध्ये न्यू जर्सीच्या कृषी विभागाने त्यांचा गौरव केला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

घरगुती बेकिंगमध्ये त्यामुळे काय बदलले?

रानातून आलेल्या टोपलीत कच्ची, पिकलेली, लहान, मोठी सगळीच फळे असत. ब्लूबेरीसारखीच दिसणारी हकलबेरीही त्यात मिसळलेली असे. तिच्यात दहा कडक बिया असतात, त्या पायमध्ये दाताखाली येतात. ब्लूबेरीच्या बिया बारीक आणि मऊ, त्यामुळे जाणवत नाहीत. बागेतल्या फळामुळे एकसारखा आकार आणि बेताची गोडी मिळू लागली, आणि कृतीतील वाटी-वाटीचे माप भरवशाचे झाले.

मात्र मोठे फळ हे प्रत्येक पदार्थाला चांगलेच असते असे नाही. रंग देणारे अँथोसायनिन प्रामुख्याने सालीत असते. लहान फळांत वजनाच्या मानाने साल जास्त, म्हणून मफिनमध्ये रंग आणि चव अधिक उतरते. टपोरे फळ नुसते खायला छान, पण भाजताना फुटले की भोवतालचे पीठ ओलसर करते. लहान फळाच्या रुबेलला बेकिंग करणारे आजही पसंती देतात, ते त्यामुळेच.

याच अँथोसायनिनमुळे घरच्या केकमध्ये कधी हिरवट डाग दिसतात. हा रंगद्रव्याचा गुण आहे. आम्लात तो लालसर-जांभळा राहतो, अल्कलीत निळसर-हिरवा होतो. पिठात खाण्याचा सोडा जास्त पडला किंवा नीट मिसळला नाही की असे होते. केक खराब झालेला नसतो. ताक, दही किंवा लिंबाचा रस असलेल्या पिठात सोडा बेताने घातला की रंग टिकतो. फळे तळाशी बसत असतील तर पीठ घट्टसर ठेवावे. फळांना कोरडा मैदा चोळल्याने थोडी मदत होते, पण पातळ पीठ असेल तर त्याचा उपयोग नाही. गोठवलेली ब्लूबेरी वापरायची असल्यास ती वितळू न देता शेवटी हलक्या हाताने मिसळावी, म्हणजे पीठ जांभळे होत नाही.

साठवण आणि जॅम करताना काय लक्षात घ्यावे?

ब्लूबेरीवर दिसणारा पांढुरका थर म्हणजे बुरशी नव्हे. ते फळाचे नैसर्गिक मेण असते आणि फळाला सुकण्यापासून वाचवते. म्हणून फळे आणल्याबरोबर धुऊ नयेत, वापरण्याआधी धुवावीत. गोठवायची असतील तर कोरडी फळे ताटात एकाच थरात पसरून आधी कडक होऊ द्यावीत आणि मग डब्यात भरावीत. त्याने गोळा होत नाही, हवी तेवढीच काढता येतात.

जॅम घट्ट होण्यासाठी पेक्टिन, साखर आणि आम्ल यांचा मेळ लागतो. पूर्ण पिकलेल्या फळात पेक्टिन कमी होते. म्हणून थोडी अर्धवट पिकलेली फळे आणि लिंबाचा रस उपयोगी पडतो. ब्लूबेरी मुळात आम्लधर्मी आहे. ४.६ पेक्षा कमी सामू असलेले पदार्थ झाकणबंद काचेच्या बाटलीत भरून उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत सुरक्षित मानली जाते, आणि ब्लूबेरी त्या मर्यादेच्या बरीच खाली बसते. समुद्रसपाटीपासून उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून तिथे वेळ वाढवावा लागतो.

इथे एक धोका लक्षात ठेवायला हवा. फळ आम्लधर्मी असले तरी त्याचा केक तसा नसतो. बाटलीत केक भाजून गरम असतानाच झाकण लावायचे आणि महिनोन्‌महिने कपाटात ठेवायचे, हा प्रकार सुरक्षित नाही. पीठ, अंडी आणि दुधामुळे आम्लता घटते, हवाबंद ओलाव्यात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. त्यांचे विष जिवावर बेतू शकते. ब्लूबेरीचा केक जास्त दिवस ठेवायचा असेल तर फ्रीजरच बरा.

एलिझाबेथ यांचे पुढे काय झाले?

१९२३ मध्ये त्यांनी व्हाइट्सबॉगवर सनिन्गिव्ह हे घर बांधले आणि भोवती स्थानिक वनस्पतींची बाग फुलवली. उतारवयात हॉली या सदाहरित झाडाच्या संवर्धनाकडे त्या वळल्या. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या हॉली सोसायटी ऑफ अमेरिकाच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. कोव्हिल १९३७ मध्ये निवर्तले. एलिझाबेथ यांचे निधन २७ नोव्हेंबर १९५४ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी झाले. व्हाइट्सबॉगचे जुने गाव आज जपले गेले आहे. न्यू जर्सीने हायबुश ब्लूबेरीला राज्यफळाचा मान दिला आहे. ज्या जमिनीला वांझ म्हटले गेले, तो प्रदेश १९७८ पासून राष्ट्रीय पातळीवर संरक्षित आहे.

मराठी घरांशी याचा संबंध काय?

न्यू जर्सीत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. जून-जुलैत स्वतः फळे तोडू देणाऱ्या मळ्यांवर मुलांना घेऊन जाणे तिथल्या अनेकांच्या उन्हाळ्याचा भाग झाला आहे. बादलीभर फळे घरी आली की काही मफिनमध्ये जातात, काही जॅममध्ये, उरलेली फ्रीजरमध्ये. इथे मिळणारी ब्लूबेरी बहुतांश आयात केलेली आणि महाग, त्यामुळे ती वाया न घालवता टिकवण्याचे शास्त्र जाणून घेणे फायद्याचे.

डब्यावर वाणाचे नाव क्वचितच छापलेले असते, वेचणाऱ्याचे तर कधीच नाही. रुबेल त्याला अपवाद ठरले. एका रानफळ्याचे नाव, थोडे मोडतोड करून का होईना, त्यात शंभर वर्षे टिकून आहे.